जमीन वर आली, बाबा

११ जानेवारी

चि. ठिणगी,

टक्.

हा आवाज तुझ्या कानात अजून आहे, की तिकडे ट्रकांच्या घरघरीत विरून गेला? आठव. प्रयोगशाळेतली ती तांब्याची नळी, तेव्हाच्या तुझ्यापेक्षा उंच. वरून आधी साधा लोखंडाचा तुकडा सोडायचो. सोडला न सोडला तोच खाली. मग तेवढ्याच वजनाचं लोहचुंबक. ते नळीत शिरायचं आणि दिसेनासं व्हायचं. आत कुणाशी गुजगोष्टी करत बसल्यासारखं येतच नाही, येतच नाही. अख्खा वर्ग श्वास रोखून. आणि मग खालच्या पितळी ताटलीत: टक्. सगळ्यांत आधी टाळी तुझी. मास्तरांची मुलगी ना तू.

तांब्याला चुंबक चिकटत नाही, हे तुला बाराखडीच्या आधी ठाऊक होतं. पण पडणारं चुंबक नळीत वीज जागी करतं, आणि ती वीज त्याच्याच पडण्याला आडवी येते. एक ओढणारी शक्ती, एक अडवणारी. दोघींची गाठ आमच्या शाळेतल्या नळीत पडायची. मी तुला म्हणायचो, म्हातारा झालो की निवांत बसून या दोघींना एका ओळीत बसवीन, यमक जुळवल्यासारखं. ज्या थोर माणसाने सापेक्षता सांगितली त्यालाही ते साधलं नाही. मलाही नाही साधलं. म्हातारा मात्र झालो.

असो. पत्राचं कारण: तुझी आई पडली. गेल्या महिन्यात, न्हाणीघराच्या दारात. घाबरू नकोस, आहे. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कळतं सगळं, असं डॉक्टर म्हणतात. त्यांनीच तिच्या डाव्या हातात एक चमचा दिलाय. पलंगाच्या दांडीवर एकदा वाजवला की हो, दोनदा वाजवला की नाही. आयुष्यभर बोलून जे जमलं नाही ते आता चमच्याने चाललंय.

तुला बोलवू का म्हणून विचारलं. एकदा वाजला.

तेव्हा ये. एकटी ये. तुझा तो दगड या घरात येणार नाही. वर तुझ्या नावामागे ‘सौ.’ लिहिलेलं नाही ते पाहिलं असशीलच. विसरलेलो नाही.

तुझे बाबा


२४ जानेवारी

चि. ठिणगी,

तुझं उत्तर मिळालं. ‘येतो. आम्ही दोघं.’ तीन शब्द, त्यातला एक जास्तीचा.

त्याखाली तू जोडलंयस की डॉक्टरांशी तू बोललीस, आईला रोज खाली व्यायामाच्या केंद्रात नेलं तर बोलणं परत येण्याची आशा आहे, आणि उशीर केला तर नाही. मलाही ते असंच म्हणाले. पण आपलं घर चौथ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळत नाही, हे काय आज कळलं? ‘तो उतरवेल आईला, त्याचं रोजचंच काम आहे,’ असं तू लिहितेस. काम आहे खरं. लोकांची कपाटं नि पलंग पाठीवर घेऊन जिने उतरायचे. तुझी आई कपाट नाही. माझी बायको कुणाच्या खांद्यावरून हा जिना उतरणार नाही. उतरेल तेव्हा एकदाच.

त्याला मी दगड म्हणतो म्हणून तू रागावतेस. अगं, नाव मी ठेवलं, पण उचललं शाळेने. त्या दिवशी तू पहिल्या बाकावर होतीस. ऊन टेबलावर तिरपं पडलं होतं, शेजारच्या वर्गात गुरुजी पट्टीने ताल धरून कविता म्हणवून घेत होते. किती सुंदर दुपार! मी विचारलं, डोक्यावर दप्तर ठेवून या टेबलावरून उडी मारली, तर हवेत असेपर्यंत दप्तराचं ओझं किती लागेल? उत्तर आहे, शून्य. पडणाऱ्याला वजन नसतं. त्याला फक्त पडू द्यावं, त्याचं सगळं ओझं आपोआप उतरतं. सापेक्षतेचं अर्धं दार या एका वाक्याने उघडतं.

आणि हा उभा राहून म्हणाला, “लागेल सर.”

“मार उडी,” मी म्हटलं.

मारली. “लागलं?”

“खाली आल्यावर लागलं, सर.”

वर्ग हसला. मी म्हटलं, “खाली आल्यावरचं कोण विचारतंय? हवेतलं सांग.”

“हवेतलं ध्यानात राहत नाही, सर. खालचंच राहतं.”

पुन्हा चढवला. पुन्हा तेच उत्तर. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात ते उगाच नाही. घंटा होईपर्यंत तो चढत होता नि उड्या मारत होता, आणि मुलं ‘दगड पडला, दगड पडला’ म्हणून ओरडत होती. शेवटी म्हणाला, “नाही लागलं.” मग सोडला. एवढं सरळ उत्तर द्यायला माणसाने एवढा वेळ घ्यावा?

घोटा सुजला होता म्हणे. तूच त्याला घरी पोचवायला गेलीस. म्हणजे तुमची गाठ मीच घातली. कधीतरी आभार मानायला हरकत नाही.

एकटीच ये.

बाबा


८ फेब्रुवारी

चि. ठिणगी,

‘मी गेले नाही बाबा, तुम्ही मला घालवलं. माझी ट्रंक तुम्ही जिन्यात नेऊन ठेवली होती.’

वाक्य चांगलं आहे. पण तू माझी विद्यार्थिनी, तुला हे शोभत नाही. तारेचं वेटोळं नि सुई आठव. चुंबक हलवलं की सुई हलायची. चुंबक जागेवर ठेवून वेटोळं हलवलं तरी सुई तेवढीच हलायची. जुन्या पुस्तकांतून या दोन्हींची दोन निरनिराळी कारणं दिलेली असत, दोन पानांवर. एकात वीज, एकात चुंबकत्व. त्या थोर माणसाने विचारलं, सुई एकच तर कारणं दोन कशी? तिथून सगळी सापेक्षता निघाली. वीज नि चुंबकत्व ही एकाच गोष्टीची दोन रूपं; तुम्ही कुठून बघता एवढाच फरक. मी त्यावर वर्गासाठी ओळी केल्या होत्या. तू स्नेहसंमेलनात म्हटल्या होत्यास, निळा फ्रॉक घालून:

कोण थांबले, कोण निघाले, कोणी ठरवायाचे?
सुई हालली, तितुके खरेच, बाकी बोलायाचे.

तू गेलीस की मी घालवलं? घर रिकामं झालं, एवढंच सुई दाखवते. ट्रंक जिन्यात होती हेही तसंच. ट्रंकेच्या बाजूने पाहिलं तर घरच तिच्यापासून दूर गेलं.

तुझी आई त्या रात्री म्हणाली होती, “अहो, ट्रंक आत घ्या, पोरीचे कपडे भिजतील.” नळ गळायचा ना त्या कोपऱ्यात. मी म्हटलं, भिजू दे, आपोआप आत येईल. तू आली नाहीस. ट्रंकही नेली नाहीस. अजून माळ्यावर आहे. तुझी आई दर काही महिन्यांनी कपड्यांना ऊन दाखवायची. आता मावशींना खुणा करून सांगते. मावशी म्हणजे आईला बघायला दिवसभर असतात त्या. बाई कामाची आहे. मला ‘आजोबा’ म्हणते. कुणाचा, ते विचारावंसं वाटतं. तुमच्या घरी एवढी वर्षं पाळणा हललेला नाही, असं ऐकतो.

मी रोज संध्याकाळी आईच्या उशाशी बसून आपल्या शाळेच्या पुस्तकातल्या कविता म्हणतो. आवाज अजून लागतो माझा. काल एक संपवून विचारलं, आणखी म्हणू? दोनदा वाजला. तरी म्हटली. विचारलं, माझ्याजवळ सुखात आहेस ना? पुन्हा दोनदा. हात थरथरतो तिचा, एक ठोका उगाच जास्तीचा पडतो. मी तो धरत नाही.

आता शेवटचं सांगतो. कंटाळा आला या घासाघिशीचा. या दारातून एकच माणूस आत येईल. दोघांपैकी एकच. कोण, ते तुम्ही नवरा-बायको बसून ठरवा. बघा, ‘नवरा-बायको’ लिहिलं. म्हातारा वितळतोय.

बाबा


२० फेब्रुवारी

चि. ठिणगी,

‘आई पडली तेव्हा तुम्ही कुठे होतात?’

वकिली केव्हा शिकलीस? घरीच होतो. कुठे जाणार? चहा गाळत होतो, दोन कप.

तुला एक आठवण सांगतो, म्हणजे तुझा आवाज खाली येईल. तू नुकती धावायला शिकली होतीस. धावायचीस नि पडायचीस. आई पदर सावरत धावत यायची आणि मी तिला हाताने थोपवायचो. तुझ्यापुढे उकिडवा बसायचो आणि विचारायचो, “कोण कोणावर आपटलं?” तू म्हणायचीस, मी जमिनीवर. मी मान हलवायचो. चूक. मग तू हुंदका गिळून, नाकाशी शेंबूड, गुडघ्याला रक्त, म्हणायचीस, “जमीन वर आली, बाबा.” शाब्बास! मग उचलायचो. उत्तर येईपर्यंत नाही. आई चिडायची, “अहो, आधी उचला, मग शिकवा!” पण आधी उचललं तर पोर शिकेल कशाला?

आणि उत्तर खरंच बरोबर होतं. पडताना काही दुखत नसतं. आपण ज्याला वजन म्हणतो ते ओढ नव्हेच. ती फरशी आहे, आपल्याला खाली जाऊ न देणारी. आणि फरशी अडवते कशाने? विजेने. तिच्या कणांतली वीज आपल्या कणांतल्या विजेला आत येऊ देत नाही, म्हणून आपण उभे. जन्मभर माणूस गुरुत्वाकर्षणाच्या नावाने रडतो, आणि टोचत असते ती वीज. ही ओळ मला वाटतं मी लिहिलेल्या सगळ्यांत चांगल्या ओळींपैकी आहे.

तर, चहा गाळत होतो. धप्प आवाज झाला. गेलो. आई फरशीवर, एका कुशीवर, डोळे उघडे, माझ्याकडेच बघत. सकाळी आमची थोडी बोलाचाली झालेली, तुझ्यावरूनच. तिला तुझ्याकडे राहायला जायचं होतं चार दिवस. मला वाटलं, तोच रुसवा. मी गमतीने विचारलं, “काय हो बाई, कोण कोणावर आपटलं?”

बोलेना.

म्हटलं, एवढं सोपं वाक्य. पोर तिसऱ्या वर्षी म्हणायची, आणि ही तर ते वर्षानुवर्षं ऐकत आलीय. ओठ हलवत होती, पण वाक्य करत नव्हती. तुला ठाऊक आहे ती कशी हट्टी. मी स्टूल ओढलं, समोर बसलो. माझा चहा घेतला. तिचा तसाच ठेवला होता, त्यावर साय धरली. मग माझ्या ध्यानात आलं की तिच्या तोंडाचा एक कोपरा खाली गेलाय.

डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. लवकर म्हणजे कुणाच्या घड्याळाने? वरच्या मजल्यावरचं घड्याळ खालच्यापेक्षा कणभर पुढे धावतं, हेही त्या थोर माणसाचंच. मला तर सगळं एका चहाएवढंच वाटलं.

यात दडवण्यासारखं काही नाही म्हणून लिहिलं. तू विचारलंस, मी सांगितलं. आता येतेस ना?

बाबा


२ मार्च

चि. ठिणगी,

उत्तर नाही. बरं.

आईचं अंग आणखी सुटलंय. हातात चमचा मात्र घट्ट. डॉक्टर परवा येऊन गेले. म्हणाले, “मास्तर, आणखी थोडे दिवस असेच घालवले तर मग नेऊन उपयोग नाही.” मी त्यांना शाळेतून घरी आणलेली ती नळी दाखवली, भिंतीला टेकून ठेवलीय. चुंबक सोडून दाखवलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. हल्ली शिकलेल्या माणसांनाही काही बघायची हौस नसते.

एक गंमत सांगतो. टक् हा आवाज मला हल्ली भरदुपारी ऐकू येतो. पहिल्यांदा वाटलं, भास. शाळा, ऊन, पितळी ताटली, सगळं डोळ्यांपुढे आलं, डोळे भरले. मग कळलं, आईचा चमचा. जेवणं झाली की मावशी आपला फोन तिच्या कानाशी धरतात. “गाणी ऐकवते हो आजोबा, करमत नाही त्यांना,” म्हणतात. आई ताल धरते. पण तालाचं अंग तिला कधीच नव्हतं. काल तर चमत्कारिकच ताल. बराच वेळ काही नाही, मग एक ठोका. पुन्हा बराच वेळ काही नाही, मग एक. असंच चाललं होतं. दोन ठोके एकदाही नाहीत. मी दारातून डोकावलो तर मावशी पदराने डोळे पुसत होत्या.

“कसलं गाणं लावलंय?” मी विचारलं.

“जुनं आहे,” म्हणाल्या.

संध्याकाळी मी आईला विचारलं, ठिणगी येईल असं वाटतं तुला? तिने चमचा उचललाच नाही. चादरीखाली ठेवून दिला. माझ्या कवितांना हल्ली ती नाहीसुद्धा म्हणत नाही.

मावशींनी माळ्यावरून तुझी ट्रंक काढून पुसून ठेवलीय. म्हणतात, आईने खुणेने सांगितलं. कपड्यांना ऊन दाखवायचं असेल. आईच्याही दोन-चार साड्या त्यांनी त्यात भरल्यात. बायकांचं काही कळत नाही.

बाबा


९ मार्च, सकाळ

चि. ठिणगी,

आज तू येशील, असं पहाटेपासून वाटतंय. मी दाढी केली. नळी पुसून ठेवली, ताटलीला चकाकी आणली. तू दारात आलीस की काही बोलायचं नाही, चुंबक सोडायचं आणि तुझ्या तोंडाकडे बघत राहायचं, असं ठरवलंय. आईला मावशींनी आज लवकर आंघोळ घातली, वेणी घातली, बाहेरची साडी नेसवली. “कुठे जायचंय का?” मी थट्टेने विचारलं. मावशी भिंतीकडे बघत राहिल्या.

खाली गाडी थांबल्याचा आवाज झाला. खिडकीतून पाहिलं. ट्रक आहे, मागे गाद्या अंथरलेला. पुढच्या दारातून तू उतरलीस. केस पांढरे केलेस की काय? वर बघ. बघितलंस. मी हात केला. तू नाही केलास. ट्रकला टेकून उभी राहिलीस, हाताची घडी घालून. चढत का नाहीस?

जिन्यात पावलं वाजतायत. जड. एक पाऊल किंचित ओढत. या चालीच्या माणसाला मी ओळखतो.

बेल.

मी साखळी न काढता फटीतून पाहिलं. दगड. खांद्यावर घडी केलेलं घोंगडं, कमरेला तो रुंद पट्टा, कपाटं पाठीला बांधायचा. घामाघूम. नजर खाली नाही.

“सर,” म्हणाला, “तुम्ही एकालाच या म्हणालात. आम्ही बसून ठरवलं.”

मी विचारलं, कुणी बोलावलं तुला?

“आईंनी.”

मी म्हटलं, तिला बोलता येत नाही.

“हो ना, सर,” म्हणाला. “कशानं ते तुम्ही पत्रात लिहिलंत. तिनं फोनवर आईंना एकेक ओळ वाचून विचारलं, खरं का म्हणून.”

मी दार लोटलं नि टेबलाशी येऊन बसलो. हे लिहितोय. साखळी लावलेली आहे. मी जागचा हललेलो नाही, हे ध्यानात ठेव. उद्या कुणी काही सांगितलं तरी. तो बाहेर उभा आहे, हाक मारत नाही, दार ठोठावत नाही. उभं राहायला त्याला मीच शिकवलं.

मावशी उठल्या. माझ्या मागून दाराकडे चालल्या आहेत. मी म्हटलं, मावशी, थांबा. आईला विचारू. तिच्या मर्जीशिवाय या घरात काही होत नाही. मी इथूनच मोठ्याने विचारलं: “अगं, हा तुला उचलून न्यायला आलाय. दगड. जायचंय तुला?”

टक्.

दुसऱ्या ठोक्याची वाट पाहतोय. मावशींनी साखळी काढली.